होल्डर कोणालाच अडवत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या घरसजावटीच्या पानावर दिव्यांविषयी नुकताच एक लेख आला. भिंतींचे रंग, आरशाची जागा, पडद्यांचे कापड यांबद्दल त्यात उपयोगाचे बरेच होते. पण मध्येच एक वाक्य होते : खोली अंधारी वाटत असेल तर आहे त्याच दिव्यात जास्त वॉटचा बल्ब लावावा. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहीत आहे. वर्तमानपत्रात छापलेले लोक खरे मानतात. हा सल्ला वाचून कुणी आज संध्याकाळी स्टुलावर चढून साठच्या जागी शंभरचा बल्ब लावला, तर त्याच्या छतात पुढची काही वर्षे काय होत राहील हे मी पाहिलेले आहे.

मी वायरमन. उभे आयुष्य शिडीवर गेले. आता गुडघे चढू देत नाहीत, म्हणून लोक उतरवून आणतात ती झुंबरे, भिंतीवरचे ब्रॅकेट, टेबल लॅम्प खाली बसून दुरुस्त करतो. दिवा वर टांगलेला असताना जे कुणाला दिसत नाही ते टेबलावर उलटे ठेवल्यावर दिसते. बाहेरून दुधी काचेचा गोळा लख्ख पुसलेला असतो. स्क्रू काढून होल्डर खाली घ्यावा, तर त्यात शिरणारी दोन-तीन इंच वायर तपकिरी पडलेली. बोटाने जरा वाकवली की आवरण पापुद्र्यासारखे गळते आणि आतले तांबे उघडे पडते. होल्डरच्या बेकलाइटला, म्हणजे त्याच्या कडक काळ्या-तपकिरी प्लास्टिकला, बारीक चिरा गेलेल्या. पिनांच्या मागच्या स्प्रिंगा तापून तापून मेलेल्या, त्यामुळे पिन एकदा दाबली की आतच राहते. मग बल्बच्या बुडाशी तिचा संपर्क नीट होत नाही, तिथे बारीक ठिणग्या उडत राहतात, बुडावरच्या झाळकामाला खड्डे पडतात. घरची माणसे मला सांगतात, या दिव्यात बल्ब टिकतच नाही. दोष बल्बचा नसतो. होल्डर आतून भाजून निघालेला असतो, आणि तो कशाने भाजला हे होल्डरशेजारीच लिहिलेले असते.

बहुतेक चांगल्या फिटिंगवर एक आकडा असतो. कमाल ४० वॉट, कमाल ६० वॉट असा. कधी होल्डरच्या अंगावर उठावदार अक्षरांत, कधी शेडच्या आतल्या बाजूला कागदी किंवा चंदेरी चिठ्ठीवर. बल्ब बदलताना आपण खालून हात घालतो, मान वर केलेली असते, चिठ्ठी असते वरच्या अंगाला. त्यामुळे वर्षानुवर्षे तो आकडा कुणी वाचत नाही. काही वेळा चिठ्ठीच इतकी करपलेली असते की आकडा उरत नाही, आणि तेवढ्यावरूनच काय झाले ते कळते.

हा आकडा उजेडाचा नाही. हा फिटिंग किती उष्णता सोसू शकते त्याचा आकडा आहे. तारेच्या जुन्या बल्बमध्ये टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापते तेव्हा ती उजेड देते. वीज शंभर भाग आत गेली तर त्यातले नव्वदहून अधिक भाग उष्णता होऊनच बाहेर पडतात. साठचा बल्ब उघड्या हवेत टांगला तरी काचेचा सर्वांत गरम भाग शंभर अंशांच्या वर जातो. घरात वापरतो त्या साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण मात्र ७० अंशांपर्यंतच्याच कामासाठी केलेले असते. म्हणून फिटिंग बनवणाऱ्याने हिशेब केलेला असतो : शेड इतकी मोठी, तिला हवेसाठी इतक्या फटी, होल्डर या जातीचा, वायर अमुक प्रतीची, तर आत इतक्याच वॉटची उष्णता चालेल. उघड्या, वर-खाली हवा खेळणाऱ्या शेडला जो आकडा मिळतो तो बंद गोळ्याला मिळत नाही. बल्ब कसा बसतो यावरही बरेच ठरते. टेबल लॅम्पमध्ये बल्ब सरळ उभा असतो, गरम हवा वर निघून जाते आणि होल्डर खाली त्यामानाने गार राहतो. छताच्या दिव्यात बल्ब उलटा, होल्डर वर. गरम हवा चढते ती थेट होल्डरवर आणि त्याच्या वायरींवर. माझ्याकडे येणाऱ्या करपलेल्या फिटिंगांत छताच्याच जास्त का असतात, याचे उत्तर हे आहे.

आता त्या लेखातल्या वाक्यामागचा समज घेऊ. जो बल्ब बसतो तो चालतो, असे लोकांना वाटते. यात लोकांना दोष देता येत नाही. १५ वॉटचा बल्ब आणि २०० वॉटचा बल्ब एकाच मापाच्या खाचेत बसतो. आट्याच्या होल्डरचेही तेच. लांबट हॅलोजनच्या नळ्या ७८ आणि ११८ मिलिमीटरच्या येतात, आणि त्या एकाच लांबीत कमी वॉटच्याही मिळतात आणि त्याच्या कितीतरी पट वॉटच्याही. होल्डर कोणालाच अडवत नाही. तो फक्त पकडतो.

दुसरा भरवसा लोक फ्यूजवर किंवा एमसीबीवर, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यावर, टाकतात. काही चुकले तर खटका पडेल, असे म्हणतात. इथे तो पडत नाही, हे मला ठळक अक्षरांत सांगावेसे वाटते. २३० व्होल्टवर साठचा बल्ब पाव अँपिअरपेक्षा किंचित जास्त विजेचा प्रवाह घेतो, शंभरचा ०.४३ अँपिअर घेतो. दिव्यांच्या लाइनवरची सहा अँपिअरची एमसीबी इतक्या फरकाने हलणार कशी? तिच्या लेखी सगळे ठीक चाललेले असते. तिचे काम भिंतीतल्या वायरी वाचवण्याचे, शेडच्या आत किती तापले ते तिला कळायला मार्गच नाही. ती पडते ती अगदी शेवटी, वायरीचे आवरण गळून दोन तारा एकमेकींना टेकल्यावर. तोवर शेजारचे लाकूड, कापड किंवा कागदी शेड किती भाजली असेल ते नशिबावर. लाकूड-कागदाचे असे आहे की ते एकदम पेट घेत नाहीत. रोज तापत राहिले की आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळे होतात, आणि करपलेला भाग पुढे कमी उष्णतेतही पेटू शकतो. छताला दिव्याभोवती तपकिरी कडे दिसले, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी वायरमनला बोलवा.

झुंबरांबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. पाच होल्डरच्या झुंबरावर 'प्रत्येकी कमाल ४० वॉट' लिहिलेले असते. पाचही ठिकाणी साठचे बल्ब लावले की दोनशेच्या जागी तीनशे वॉट होतात, आणि झुंबराच्या नळ्यांतून गेलेल्या वायरी बारीक असतात. त्यातून होल्डर वर तोंड करून असेल तर एक वेळ ठीक, पण खाली तोंड करून फुलांच्या आकाराच्या काचा लावल्या असतील तर प्रत्येक फूल आपापल्या होल्डरला शेकत बसते. झुंबराच्या वायरी बदलणे हे वेळखाऊ, किचकट काम आहे. ते टाळण्यासारखे आहे आणि टाळता येते.

मुळात वॉट म्हणजे किती वीज खाल्ली त्याचे माप. वाफेच्या इंजिनावर काम केलेल्या जेम्स वॉट यांचे नाव या मापाला द्यावे असे १८८२ साली विल्यम सीमेन्स यांनी सुचवले, तेव्हा त्याचा खोलीतल्या उजेडाशी संबंध नव्हता. पहिले विजेचे बल्ब विकले जात ते मेणबत्तीच्या हिशेबाने : सोळा मेणबत्त्यांइतका उजेड देणारा, बत्तीस मेणबत्त्यांइतका उजेड देणारा. म्हणजे गिऱ्हाइकाला जे हवे होते तेच खोक्यावर असे. पुढे सगळ्या घरांत टंगस्टनच्या तारेचे एकाच जातीचे बल्ब आले. जात एकच असल्यामुळे वॉट सांगितले की उजेड आपोआप कळायचा. चाळीसचा मंद, साठचा बरा, शंभरचा झगझगीत. दोन-तीन पिढ्या या हिशेबावर वाढल्या आणि वॉट म्हणजेच उजेड हे डोक्यात पक्के बसले. आता बल्बची जात बदलली आहे, हिशेब मात्र तोच राहिला आहे.

उजेडाचे माप ल्युमेन. साठच्या जुन्या बल्बइतका उजेड म्हणजे ढोबळमानाने ८०० ल्युमेन. तेवढाच उजेड सीएफएल १४-१५ वॉटमध्ये देई, आणि एलईडी ८ ते १० वॉटमध्ये देतो. 'इतक्या वॉटच्या बल्बइतका' असे खोक्यावर छापायचे असेल तर एलईडीतून किमान किती उजेड आला पाहिजे, हे युरोपीय संघाने ठरवून दिले होते : चाळीसच्या तोडीला ४७० ल्युमेन, साठच्या ८०६, पंचाहत्तरच्या १,०५५ आणि शंभरच्या १,५२१. हे चार आकडे कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावेत असे आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'शंभर वॉटइतका' लिहिलेले असेल आणि बारीक अक्षरात ९०० ल्युमेन, तर तो बल्ब साठच्या तोडीचा आहे, शंभरच्या नाही. बारीक अक्षर खरे माना. आणि दोन वेगवेगळे ९ वॉटचे बल्ब सारखाच उजेड देतात असेही नाही. एकातून ७०० ल्युमेन येतील, दुसऱ्यातून ९५०.

आपल्या लेखातली खोली अंधारी आहे. फिटिंगवर कमाल ६० वॉट लिहिले आहे. मग करायचे काय? १,५०० ल्युमेनचा एलईडी बल्ब घ्या. तो प्रत्यक्षात १५ वॉटच्या आसपास वीज खाईल, म्हणजे साठच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहील, आणि उजेड मात्र शंभरच्या जुन्या बल्बचा देईल. फिटिंगवरच्या मर्यादेशी ताडून पाहायचा तो बल्बचा खरा वॉट, खोक्यावरचा 'इतका' वाला आकडा नव्हे. अनेक गिऱ्हाइके इथे उलट्या बाजूने घाबरतात. 'शंभरइतका' असे वाचून ती बल्ब परत ठेवतात, कारण फिटिंग साठचे आहे. तो बल्ब उष्णतेच्या हिशेबात १५ चाच आहे, त्यात फिटिंगला भिण्यासारखे काही नाही.

पण थांबा. इथून पुढचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि याबद्दल फार कमी लिहिले जाते. साठ चालतात म्हणून ४० वॉटचा भला मोठा एलईडी त्याच बंद गोळ्यात कोंबला तर? आकड्याने तो मर्यादेत आहे. तरीही लावू नका. तारेचा बल्ब आपली बरीचशी उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने समोर फेकून देतो. एलईडी तसे करत नाही. त्याच्या उजेडात उष्णता नसल्यात जमा, आणि जी काही उष्णता तयार होते ती त्याच्या अंगातच, मानेकडे साठते. त्या मानेतच त्याचा ड्रायव्हर बसवलेला असतो, म्हणजे वीज एलईडीला पेलेल अशी करून देणारे छोटे सर्किट. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारे छोटे भाग, उष्णतेला सर्वांत नाजूक. त्यांच्याबाबतीत साधा नियम सांगतात की तापमान दहा अंशांनी वाढले तर आयुष्य निम्म्यावर येते. छताच्या बंद गोळ्यात ही मान वर असते, जिथे सगळी गरम हवा जमते. मग खोक्यावर पंधरा-वीस हजार तास लिहिलेला बल्ब वर्ष-दीड वर्षात लुकलुकायला लागतो आणि लोक म्हणतात एलईडी फसवे असतात. ते फसवे नसतात, आपण त्यांचा श्वास कोंडतो.

म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. खोक्यावर 'बंद फिटिंगमध्ये वापरू नये' अशी सूचना आहे का, ती आधी वाचावी. ती बहुधा खोक्याच्या बुडाशी किंवा बाजूच्या पट्टीवर असते. आणि शेड पूर्ण बंद असेल तर मी स्वतः ९-१० वॉटच्या एलईडीपुढे जात नाही. त्याहून उजेड हवा असेल तर दोन होल्डरचे फिटिंग घ्यावे, किंवा मुळात एलईडीसाठीच बनवलेला छताचा दिवा घ्यावा, ज्याचे मागचे सगळे पत्र्याचे अंग उष्णता बाहेर सोडते. वरचा १५ वॉटचा सल्ला हवा खेळणाऱ्या शेडसाठी समजावा. शिवाय मोठे एलईडी लांब आणि जड असतात. आडव्या होल्डरमध्ये ते वजनाने झुकतात, पिना एका बाजूने सैल होतात, आणि ठिणग्यांची तीच जुनी गोष्ट नव्याने सुरू होते. बल्ब शेडला कुठेही टेकता कामा नये, मग तो कोणत्याही जातीचा असो.

आता उजेड किती हवा त्याबद्दल. इथे माझे मत जरा ठाम आहे : अंधाऱ्या खोलीचे उत्तर बहुतेक वेळा एकच मोठा बल्ब हे नसते. तीन बाय चार मीटरची बसण्याची खोली धरा. सर्वसाधारण वावरायला दर चौरस मीटरला १५० ल्युमेन, म्हणजे १५० लक्स, पुरेसे होतात. बारा चौरस मीटरला १,८०० ल्युमेन झाले. पण शेड, धूळ, भिंती मिळून साधारण निम्मा उजेड खातात, म्हणून बल्बमधून ३,५०० च्या आसपास निघायला हवेत. ते एका बल्बमधून काढण्यापेक्षा ९०० ल्युमेनचे चार बल्ब खोलीभर वाटून लावले तर कोपरे उजळतात, डोळ्यांवर झगमगाट येत नाही आणि कुठलेच फिटिंग तापत नाही. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला चार पंचमांश परत देते, गडद लाकडी भिंत एक पंचमांशही देत नाही. आपल्या लेखात भिंतींच्या रंगाबद्दल जे लिहिले होते ते इथे अगदी लागू आहे. आणि शेड पुसा. धुळीने अडवलेला उजेड मोठ्या बल्बने मिळवण्यात शहाणपणा नाही.

वाचनाचे गणित तर याहून स्पष्ट आहे. पुस्तक वाचायला ३०० ते ५०० लक्स हवेत. ८०० ल्युमेनचा उघडा बल्ब पुस्तकापासून दोन मीटर वर असेल, तर भिंतींवरून परतणारा उजेड सोडून पानावर थेट पडतात जेमतेम १६ लक्स. तिथे १,५२१ ल्युमेनचा बल्ब लावला तर होतात ३०. तोच पहिला ८०० चा बल्ब अर्ध्या मीटरवर आणला तर २५० च्या वर जातात, आणि मागे परावर्तक असलेला टेबल लॅम्प असेल तर पाचशेही सहज होतात. अंतर चौथाई झाले की उजेड सोळा पट होतो. वॉट वाढवून सोळा पट करून दाखवणे कोणत्याही होल्डरच्या ताकदीबाहेरचे आहे.

हे मी मुद्दाम वयस्कर वाचकांसाठी लिहितो. 'मला दिसत नाही, मोठा बल्ब लाव' अशी मागणी घरातल्या आजी-आजोबांकडूनच येते आणि ती रास्त असते. वय वाढते तशी बाहुली लहान होते, भिंग पिवळट होते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. त्यांना खरोखरच जास्त उजेड लागतो. पण तो त्यांच्या खुर्चीच्या खांद्यामागून, पानावर, जवळून द्या. छताला शंभरचा बल्ब लावून त्यांच्या डोळ्यांत उजेड जातो, पानावर नाही. जिन्यावर आणि न्हाणीघराच्या वाटेवर मात्र छोटे-छोटे दिवे जास्त लावा. तिथे एकाच दिव्यामुळे पुढच्या पायरीवर पडणारी सावलीच घात करते.

उजेडाच्या रंगाबद्दल थोडक्यात. खोक्यावरचा 'के' म्हणजे केल्व्हिन, त्या रंगाचे माप. खोक्यावर २७०० के लिहिलेला बल्ब जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४००० के मधला, ६५०० के पांढरा निळसर. तेवढ्याच ल्युमेनचा पांढरा बल्ब जास्त उजळ भासतो खरा, पण ल्युमेन वाढलेले नसतात. मंद करण्याच्या रेग्युलेटरवर लावायचा असेल तर 'डिमेबल' लिहिलेलाच एलईडी घ्या. साधा लावला तर तो फडफडतो आणि लवकर जातो.

घरात जुने फिटिंग असेल आणि त्यावर आकडा नसेल किंवा पुसला गेला असेल, तर मेन स्विच बंद करा, बल्ब गार होऊ द्या आणि होल्डर नीट पाहा. तपकिरी डाग, चिरा, करपल्याचा वास, आत दबून राहिलेली पिन यातले काहीही असेल तर आधी होल्डर बदलून घ्या, आणि होल्डरबरोबर त्याला येणारी वायरही, उष्णता सोसणाऱ्या जातीची. नुसता होल्डर बदलून करपलेली वायर त्यातच परत खोचलेली मी फार पाहिली आहे. सगळे ठीक दिसले, तरी आकडा नसलेल्या फिटिंगला तारेचा बल्ब ४० च्या वर नको, आणि शक्यतो एलईडीच. दिव्यावर रुमाल किंवा ओढणी टाकून उजेड मंद करण्याची सवय काही घरांत असते, ती आजच सोडा. कमी उजेड हवा असेल तर कमी ल्युमेनचा बल्ब मिळतो.

संपादक महोदय, आपल्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, त्या वाक्याची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. लेखिकेचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही, आणि मी त्यांच्याशी बोलायलाही तयार आहे. दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. युरोपात १ सप्टेंबर २०१० पासून बल्बच्या खोक्यावर वॉट छापले तर ल्युमेनचा आकडा त्याच्या किमान दुप्पट मोठ्या अक्षरांत छापण्याचे बंधन आले. अमेरिकेतही २०१२ पासून खोक्याच्या दर्शनी बाजूवर ल्युमेन ठळक दाखवण्याचा नियम लागू झाला. नियम करणे आपल्या हातात नाही, पण आपल्या पानांवर दिव्यांविषयी जे जे लिहिले जाते त्यात 'इतक्या वॉटचा बल्ब' ऐवजी 'इतक्या ल्युमेनचा बल्ब' लिहायला आजपासून सुरुवात करता येईल. बल्बच्या जाहिराती येतात तेव्हाही ल्युमेनचा आकडा मागून घेता येईल. आणि फिटिंग बनवणाऱ्यांपैकी कुणी हे पत्र वाचत असेल तर त्यांना हात जोडून सांगतो : कमाल वॉटचा आकडा चिठ्ठीवर नको, धातूत किंवा बेकलाइटमध्ये कोरा, आणि बल्ब बदलणाऱ्याची मान वर असते हे लक्षात ठेवून खालून वाचता येईल अशा कडेला कोरा. चिठ्ठी करपून जाते.

आपला नम्र,
एक वाचक, निवृत्त वायरमन